सेनेबकाय नावाचा राजा: एका लुटलेल्या थडग्यावरून एवढं सगळं कसं काय कळतं?

पाचवीतलीची आई:

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय. लेकीला सध्या इजिप्तचं प्रचंड वेड लागलंय, तुतनखामून झाला, खुफू झाला, आता म्हणते मला असा राजा सांग जो वर्गात कोणालाच माहीत नसेल. शोधता शोधता सेनेबकाय हे नाव मिळालं. २०१४ च्या जानेवारीत अबायडोसला त्याचं थडगं सापडलं, पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या जोसेफ वेग्नर यांच्या टीमला, इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याबरोबर काम चालू असताना, आणि तोपर्यंत असा राजा होऊन गेला हेच धड कोणाला माहीत नव्हतं.

इथपर्यंत ठीक. पण पुढे वाचलं तर म्हणे तो लढाईत मेला, घोड्यावर बसायचा, घरापासून लांब मेला, आणि त्याचं एक अख्खं राजघराणं होतं जे इतिहासातून गायब झालं होतं. मला खरंच कळेना की चार खोल्यांचं एक थडगं, तेही चोरांनी हजारो वर्षांपूर्वी धुऊन नेलेलं, त्यात मोडका सांगाडा आणि भिंतीवर नाव, एवढ्यावरून एवढं सगळं कसं काय सांगतात? भिंतीवर नाव आहे म्हणजे हाडं त्याचीच कशावरून? मला वाद घालायचा नाहीये, समजून घ्यायचंय. लेक दर वाक्याला "पण त्यांना कसं कळलं" विचारते आणि तिथे मी अडकते.

दगडवाचक:

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, "कोण होता" यापेक्षा "कसं कळलं" यातच खरी मजा आहे. जमेल तसं लिहितो, लांब होईल.

आधी जागा बघा. अबायडोस म्हणजे ओसिरिस देवाचं गाव, इजिप्तच्या अगदी पहिल्या राजांची थडगी तिथेच आहेत. त्याच्या दक्षिण भागात एक पिरॅमिडसारखा दिसणारा नैसर्गिक डोंगर आहे, त्याला जुने लोक 'अनुबिसचा डोंगर' म्हणायचे, आणि हे नाव तिथे सापडलेल्या मातीच्या मुद्रांच्या ठशांवरूनच कळलंय. त्या डोंगराखाली तिसऱ्या सेनुस्रेतचं प्रचंड भुयारी थडगं आहे, साधारण इ.स.पू. १८५० च्या आसपासचं. म्हणजे राजांना पुरायची ही ठरलेली, मानाची जागा. सेनेबकायचं थडगं याच आवारात आहे, काळ इ.स.पू. १६५० ते १६०० च्या दरम्यान.

आता नाव. आतली पुरायची खोली चुनखडीच्या दगडाची आहे आणि भिंतींवर रंगात नूत, नेफ्थिस, सेल्केत, इसिस या देवी काढल्यात, आणि मजकुरात स्पष्ट लिहिलंय "वरच्या आणि खालच्या इजिप्तचा राजा उसेरिब्रे, रे देवाचा पुत्र सेनेबकाय". इजिप्तच्या राजाला एक जन्मनाव आणि एक गादीवर बसताना घेतलेलं नाव असायचं, दोन्ही कार्टूशमधे, म्हणजे त्या लांबट चौकटीत लिहायचे. कोणा सरदाराने आपल्या थडग्यात असं लिहून घेणं शक्य नाही, म्हणून तो राजा होता याबद्दल शंका उरत नाही. पुढे लिहिलेलं बरंच काही अंदाजाचं आहे पण हे नाही.

हाडांचं म्हणाल तर सांगाडा कुठेतरी बाहेर वाळूत नाही मिळाला. त्याच थडग्यात, फुटक्या शवपेटीच्या, मुखवट्याच्या आणि कॅनोपिक पेटीच्या (आतडी, यकृत वगैरे अवयव ठेवायची पेटी) तुकड्यांच्या ढिगात तो पडलेला होता. चोरांनी सोनं काढायला ममी फाडून टाकलेली, पण मूळात ती ममी केलेली होती. एका राजाचं थडगं, एका राजाचं सामान, एक मोठ्या पुरुषाचा ममी केलेला देह, तोही त्या सामानातच विखुरलेला. कोर्टात लागतो तसा पुरावा नाही म्हणता येईल, पण दुसऱ्या कोणाची हाडं म्हणायला काही कारणच सापडत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भिडते ती ती पेटी. ती सीडारच्या लाकडाची आहे आणि ते लाकूड सोबेकहोतेप नावाच्या आधीच्या राजाच्या थडग्यातून काढलेलं आहे. जुन्या राजाचं नाव लाकडावर तसंच होतं, त्यावर सोन्याचा मुलामा चढवून ते झाकलं. खोलीचे दगडसुद्धा आधीच्या लोकांच्या स्मारकांतून उचलून आणलेले आहेत, उलटे सुलटे लावलेले, एकावर तर जुन्या काळच्या एका अधिकाऱ्याचा लेख आहे. सोबेकहोतेपच्याच थडग्यातली लाल क्वार्टझाइटची शवपेटी, जवळपास ६० टनांची, ती पण मूळ जागेवरून हलवून याच भागात दुसऱ्या एका थडग्यात वापरली गेली, ती २०१३ मधे सापडली होती. विचार करा, राजाला मरणोत्तर पेटी करायला नवं लाकूड मिळेना. सीडार लेबनॉनकडून यायचं आणि मधला सगळा डेल्टा, म्हणजे उत्तरेचा नाईलच्या मुखाचा भाग, तेव्हा हिक्सॉस या बाहेरून आलेल्या राजांच्या हातात होता, आवारिस त्यांची राजधानी. दक्षिणेला थीब्जमधे दुसरे राजे. मधे हा अडकलेला. लाकडाच्या तुकड्यावरून त्याच्या राज्याची आर्थिक अवस्था दिसते.

तोरिनोतला:

दगडवाचक यांनी छान लिहिलंय, मी फक्त राजांच्या एका जुन्या यादीबद्दल, पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या इजिप्तच्या कागदावर) लिहिलेल्या, भर घालतो कारण मी कामानिमित्त सहा वर्षं इथे इटलीत तोरिनोला आहे आणि इथल्या इजिप्शियन म्युझियममधे पाहुणे आले की जाणं होतंच, दर वेळी त्या एका काचेपुढे मी जरा जास्त वेळ थांबतो.

दुसऱ्या रामसेसच्या काळात, म्हणजे इ.स.पू. तेराव्या शतकात, कोणीतरी लेखनिकाने जुन्या करवसुलीच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर राजांची यादी लिहिली. नुसती नावं नाहीत, कोणी किती वर्षं, किती महिने, किती दिवस राज्य केलं ते पण. हा कागद १८२० च्या आसपास ड्रोवेत्ती नावाच्या माणसाने लक्सरकडे मिळवला आणि तोरिनोला आला तो तुकडे तुकडे होऊन. १८२४ मधे शांपोल्यों, म्हणजे इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा फ्रेंच अभ्यासक, इथे आला तेव्हा त्याला हे तुकडे दिसले आणि त्याने डोक्याला हात लावला असणार, कारण इतकी तपशीलवार यादी दुसरी नाही आणि तिचीच अशी अवस्था. आज शंभराहून जास्त तुकडे आहेत, जोडून लावलेत, मधे मधे मोठाली भोकं.

आता यातल्या एका फाटक्या भागात डझनभराहून जास्त राजांचा एक गट आहे, त्यातल्या बहुतेकांची नावं पूर्ण गेलीत. पण गटाच्या सुरुवातीला दोन नावं अर्धवट राहिलीत, "उसेर... रे" अशी, मधलं गायब. सेनेबकायचं गादीचं नाव काय? उसेरिब्रे. बसतं ना बरोब्बर! १९९७ मधे किम रिहोल्ट या डॅनिश अभ्यासकाने याच गटाकडे बोट दाखवून म्हटलं होतं की हे अबायडोसचं वेगळं स्थानिक राजघराणं असावं, त्याच्याआधी डेटलेफ फ्रांकेनेही तसंच सुचवलेलं. तेव्हा हातात थडगं नव्हतं, सांगाडा नव्हता. मग सतरा वर्षांनी त्याच अबायडोसला उसेरिब्रे नावाचा राजा जमिनीतून निघाला.

अजून एक. कैरोच्या म्युझियममधे अबायडोसहून आलेली एक हस्तिदंती जादूची कांडी आहे, पाणघोड्याच्या सुळ्याची, बाळंतीण आणि बाळाच्या रक्षणासाठी असायची तसली. तिच्यावर 'सेबकाय' असं राजाचं नाव आहे. हा सेबकाय कोण यावर लोक खूप वर्षं भांडत होते, कोणी म्हणे एक राजा, कोणी म्हणे सेब आणि काय असे बाप-लेक दोन राजे. आता बऱ्याच जणांना वाटतं की तो सेनेबकायच, लिहिताना मधलं अक्षर राहिलं. म्हणजे पुरावा एका ठिकाणी नाहीये, तोरिनोला फाटका कागद, कैरोला सुळा, अबायडोसला भिंत, आणि ते एकमेकांकडे बघतायत.

हाडांचा मास्तर:

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवतो, इजिप्त माझा विषय नाही पण हाडं आहेत, त्यामुळे घोडा आणि लढाई या भागाबद्दल लिहितो. २०१५ मधे या सांगाड्याचा अभ्यास जाहीर झाला, मारिया रोसाडो आणि जेन हिल या दोघींनी केलेला. हाडापर्यंत पोचलेल्या अठरा जखमा! पाय, घोटे, गुडघे, हात, कंबरेचा खालचा भाग, आणि कवटीवर तीन मोठे घाव ज्यांचा आकार आणि बाक त्या काळच्या लढाईच्या कुऱ्हाडीच्या पात्याशी जुळतो.

ताई, तुमच्या लेकीचा पुढचा प्रश्न असणार की चोरांनी ममी फाडली तेव्हाच हे घाव झाले नसतील कशावरून. तर जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या माणसाचं हाड ओलं असतं, त्यात कोलॅजन असतं, त्यामुळे धारदार हत्यार लागलं की कड स्वच्छ कापली जाते, ओली फांदी कोयत्याने छाटल्यासारखी, कधी कधी ढलपी उचलली जाऊन एका बाजूने चिकटलेली राहते. शेकडो वर्षं सुकलेलं हाड खडूसारखं मोडतं, कड खडबडीत आणि मोडलेला भाग बाकी हाडापेक्षा फिका दिसतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की चुकत नाही, मी मुलांना पहिल्याच वर्षी ट्रेमधे दोन्ही ठेवून दाखवतो. आणि जखमेनंतर माणूस आठवडा दोन आठवडे जगला तर कडा गोल व्हायला लागतात, नवं हाड धरायला लागतं. तसं काही नसेल तर त्या जखमांतच मेला असं म्हणायचं.

घावांची दिशा पण बोलते. पाय, घोटे, कंबर यांवरचे वार खालून आलेत, म्हणजे मारणारे खाली आणि हा उंचावर. त्यावरून टीमने चित्र उभं केलं की तो घोड्यावर असावा, आधी पायांवर, पाठीवर वार करून खाली पाडला आणि मग डोक्यात कुऱ्हाडी घातल्या. माणूस साधारण पावणेदोन मीटर उंच. वयाचा अंदाज आधी पंचेचाळीसच्या पुढचा दिला होता, नीट अभ्यासानंतर तो ३५ ते ४० वर आला, हे मुद्दाम सांगतो कारण अंदाज बदलणं ही या कामातली रोजची गोष्ट आहे.

घोड्याबद्दल मात्र मी थोडा हात राखून बोलेन. मांडीच्या हाडावर आणि कटीवर स्नायू चिकटतात तिथे खूप वापराने उंचवटे येतात, ते त्याच्यात घोडेस्वारासारखे आहेत असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या थडग्यातल्या आणखी एका राजाच्या हाडांतही तसंच दिसलं. पण स्नायूंच्या खुणांवरून एकच एक काम ठरवणं अवघड असतं, मांड्यांवर सतत जोर येणारी दुसरी कामंही असतात. वारांची दिशा आणि या खुणा दोन्ही एकत्र घेतल्या तर घोडा पटतो, नुसत्या खुणांवर मी सही केली नसती.

आणि "घरापासून लांब मेला" हे कशावरून? तर देह लगेच ममी केलेला नाही, मरणानंतर बराच काळ गेल्यावर केलाय अशी चिन्हं आहेत. राजा गावातच मेला असता तर एवढा उशीर कशाला करतील, म्हणून.

वाळूतला_पांथस्थ:

सर, घोड्याबद्दल एक जोड देऊ का. इजिप्तच्या दक्षिणेला न्यूबियात बुहेन म्हणून किल्ला होता, तिथे वॉल्टर एमरीच्या खोदकामात १९५८-५९ च्या सुमारास घोड्याचा सांगाडा निघालेला, त्याच्या एका दाताची झीज तोंडात लगाम असल्यासारखी. त्याचा काळ साधारण याच सुमाराचा सांगतात पण त्यावर अजून मतभेद आहेत. म्हणजे इजिप्तमधे घोडा तेव्हा नुकताच येत होता, रथाचा सर्रास वापर जरा नंतरचा. त्यात सेनेबकाय खरंच स्वार असेल तर ते केवढं आधीचं होईल.

पण मी मूळ मुद्द्यावर थोडं उलट बोलतो, रागावू नका. सेनेबकाय होता हे मान्य, राजा होता हे मान्य, भयंकर मेला हे पण मान्य. पण 'अबायडोस राजघराणं' इथे मी थांबतो. रिहोल्टने त्या घराण्यात जे राजे घातले त्यात वेपवावेतेमसाफ आणि पाएनत्जेनी हे दोन आहेत, दोघांचे शिलालेख अबायडोसचे, आणि नावं पण तिथलीच. वेपवावेत हा तिथला देव, आणि पाएनत्जेनी म्हणजे 'थिनिसचा', थिनिस हे अबायडोसच्या शेजारचं शहर, आपल्याकडे थिनिसकर म्हटलं असतं तसं. ऐकायला एकदम पटतं. पण ब्रिटिश म्युझियमच्या मार्सेल मारे यांनी २०१० मधे या शिलालेखांची कोरीव शैली बारकाईने तपासली आणि दाखवलं की या दोघांचे आणि राहोतेप नावाच्या राजाचे शिलालेख एकाच कार्यशाळेतले आहेत. राहोतेप हा थीब्जच्या सतराव्या घराण्यातला. मग हे दोघे पण थीब्जच्याच बाजूचे आणि त्याच्याच आसपासच्या काळातले असू शकतात. म्हणजे घराण्यातले दोन खांब हलले की नाही?

आणि थडगी एका ठिकाणी आहेत म्हणजे घराणं एक असं थोडंच असतं. पवित्र जागा आहे, कोणीही राजा तिथे पुरून घेईल.

दगडवाचक:

पांथस्थ, रागवायचं काय त्यात, हा मुद्दा यायलाच हवा होता. मारेंचं काम थडगं सापडायच्या चार वर्षं आधीचं आहे, पण म्हणून ते बाद होत नाही, छिन्नीची शैली जुळते ती जुळतेच. मी त्या दोन राजांना सध्या बाजूला ठेवायला तयार आहे.

पण "कोणीही राजा तिथे पुरून घेईल" हे मला नाही पटत. थीब्जचे राजे थीब्जलाच पुरले गेले, नाईलच्या पश्चिमेला. हिक्सॉस तर उत्तरेला. मग याच काळातली, एकाच पद्धतीची, एकमेकांना लागून, एकाच जुन्या राजाच्या थडग्यातलं सामान उचलून बांधलेली ही थडगी कोणाची? सोबेकहोतेपचं थडगं ज्यांनी फोडून लाकूड काढलं ते चोर नव्हते, ती राजाच्या हुकमाने झालेली फोड आहे, आणि त्यासाठी त्या भागावर तुमची सत्ता लागते. मला घराणं शब्द जड वाटतो, बापामागून मुलगा असा पुरावा कुठेच नाही, पण अबायडोसला बसून राज्य करणारे काही राजे एकामागून एक झाले इतकं मी म्हणेन.

पाचवीतलीची आई:

बापरे, किती छान लिहिलंय सगळ्यांनी, दोन वेळा वाचलं. हाडांचे मास्तर, ओल्या फांदीचं उदाहरण मी तसंच्या तसं सांगितलं, लगेच कळलं तिला. अंगणातल्या शेवग्याची एक ओली आणि एक वाळकी काडी मोडून पण बघितली आम्ही.

तिचा पुढचा प्रश्न असा की एवढे राजे होते तर मग इजिप्तच्याच लोकांनी त्यांची नावं का नाही जपली? अबायडोसच्याच देवळात राजांची मोठी यादी भिंतीवर कोरलीय ना, तिच्या पुस्तकात फोटो आहे त्याचा.

तोरिनोतला:

ती पहिल्या सेतीच्या देवळातली यादी, ७६ राजे. कार्टी हुशार आहे तुमची, कारण तिने बरोब्बर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. ती यादी बाराव्या घराण्यावरून उडी मारून थेट अठराव्याच्या अहमोसवर जाते. मधली दोनशेहून जास्त वर्षं नाहीतच. त्या भिंतीवर नाव असणं म्हणजे पूर्वज म्हणून नैवेद्य मिळणं, आणि देशाचे तुकडे झाले त्या काळातल्या राजांना सेतीला पूर्वज म्हणायचं नव्हतं. म्हणजे सेनेबकाय ज्या अबायडोसच्या वाळूत पडलेला, त्याच अबायडोसच्या देवळात त्याला जागा नाही. त्याचं नाव उरलं असेल तर ते त्या करवसुलीच्या कागदाच्या पाठीवर. देवळासाठी लिहिणारा वगळतो, कचेरीतला लेखनिक सगळ्यांना मोजतो, म्हणून मला तो फाटका कागद त्या सुंदर भिंतीपेक्षा मोलाचा वाटतो.

वाळूतला_पांथस्थ:

दगडवाचक, "काही राजे एकामागून एक" हे मला चालेल. आणि तुमच्या बाजूचा एक नवा पुरावा मीच देतो. २०२५ च्या मार्चमधे जाहीर झालं, वेग्नर यांच्याच टीमला अनुबिसच्या डोंगरापाशी अजून एक राजाचं थडगं मिळालं, जमिनीखाली जवळजवळ सात मीटर, सेनेबकायच्या थडग्यापेक्षा बरंच मोठं आणि त्याच्या आधीच्या काळातलं. चुनखडीची खोली, वर मातीच्या विटांच्या कमानी होत्या पाच मीटरच्या आसपास उंच. दाराशी इसिस आणि नेफ्थिस रंगवलेल्या, आणि बाजूला पिवळे पट्टे ज्यांत राजाचं नाव लिहिलेलं होतं.

होतं. चोरांनी नेमकी तीच अक्षरं खराब केलीत, वाचता येत नाहीत. सेनाइब आणि पाएनत्जेनी ही दोन नावं पुढे आलीत, कारण दोघांचेही लेख अबायडोसला मिळालेत आणि थडगी मात्र माहीत नाहीत. जर ते पाएनत्जेनीचं निघालं तर मारेंच्या त्या मुद्द्याकडे मला परत बघावं लागेल, कारण मग तो राहोतेपच्या काळातला कसा, सेनेबकायच्या आधी गेलेला माणूस? दोन्ही एकदम खरं असणं कठीण आहे.

हाडांचा मास्तर:

त्या नव्या थडग्यात सांगाडा मिळाला का याकडे माझं लक्ष आहे. तो मिळाला तर नाव नसलं तरी मांडीची हाडं बघता येतील, आणि स्वारीच्या खुणा तिसऱ्या राजातही दिसल्या तर मी वर जो हात राखून बोललो तो काढून घेईन.

ताई, लेकीला एक काम द्या. सेकेनेनरे ताओ नावाचा थीब्जचा राजा, सेनेबकायनंतर थोडक्याच काळाने झालेला. त्याची ममी १८८१ मधे देर अल बहारीच्या लपवलेल्या साठ्यात मिळाली, डोक्यावर कुऱ्हाडीचे घाव. २०२१ मधे सहर सलीम आणि झाही हवास यांनी त्याचं सीटी स्कॅन प्रसिद्ध केलं, हात मागे बांधलेले असावेत असं त्यांचं मत, म्हणजे पकडून मारलेला. तिला दोघांच्या जखमांची यादी शेजारी शेजारी लिहायला सांगा, पाय, घोटे, हात, डोकं असे रकाने करून, आणि मग विचारा की दोघांपैकी कोण पळत होता, कोण लढत होता आणि कोण बांधलेला होता. काय लिहिते ते इथे नक्की टाका.